शेतांतील बिनतारी यंत्रांची साक्ष आणि तिची पडताळणी

जमिनींतील ओल मोजून ती बिनतारी मार्गानें कळविणारीं लहान यंत्रें आतां द्राक्ष, डाळिंब व ऊंस यांच्या बागाइतींत शिरूं लागलीं आहेत. विक्रेते येतात, वीतभर लांबीचें यंत्र पिकाच्या मुळाशीं पुरतात आणि मोबाइलवर उमटलेला आंकडा दाखवितात. त्या आंकड्यावरून ठिबकाचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो किंवा मिटतो. या सोयीविरुद्ध आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. एकट्याच्या शेतांत एकट्याचें यंत्र असेल तर तें चुकलें काय किंवा बिघडलें काय, नुकसान ज्याचें त्यालाच. परंतु जेथें एका उपसा योजनेवर किंवा एका चारीवर वीसपंचवीस खातेदार आहेत, आणि सर्वांच्या शेतांतील आंकडे एकत्र करून कोणास केव्हां पाणी द्यावयाचें हें ठरवावयाचें आहे, तेथें प्रश्न निराळा होतो. तेथें यंत्राचा आंकडा ही साक्ष होय. आणि साक्ष आली कीं तिच्या पाठोपाठ खोटी साक्षहि आली. ही खोटी साक्ष कशी ओळखावी, आणि ती ओळखण्याच्या भरांत निरपराध खातेदारास लबाड ठरविलें जाऊं नये म्हणून काय करावें, याविषयीं आम्ही आज लिहीत आहों.

जाळ्याची रचना थोडक्यांत अशी. प्रत्येक यंत्रास आपण ठाणें म्हणूं. ठाण्यांत ओल मोजणारा सेन्सर, हिशेब करणारी नखाएवढी चकती, संदेश पाठविणारा भाग आणि बॅटरी असते. बॅटरी पुष्कळ दिवस पुरावी म्हणून कांहीं जाळ्यांत दूरचें ठाणें आपला संदेश मुख्य ठाण्याकडे थेट न पाठवितां शेजारच्या ठाण्याच्या हातीं देतें, तें पुढच्याच्या हातीं, आणि असा हातोहात तो पंपघरापर्यंत पोंचतो. दुसऱ्या जातीचीं जाळीं आहेत, त्यांस लोरा म्हणतात. त्यांत प्रत्येक ठाणें कित्येक किलोमीटरांवरील मुख्य ठाण्याशीं स्वतःच बोलतें, मध्यें टपालवाला नसतो. आपलें जाळें कोणत्या जातीचें, हें विकत घेणारानें आधीं विचारावें. कारण दगा कोठून होईल हें त्यावर अवलंबून आहे.

दगाबाज ठाणें काय काय करूं शकतें याचा विचार शास्त्रज्ञांनीं बराच केलेला आहे. अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत ख्रिस कारलॉफ व डेव्हिड वॅग्नर यांनीं २००३ सालीं अशा जाळ्यांवरील हल्ल्यांची सविस्तर छाननी प्रसिद्ध केली. शेजाऱ्याचा संदेश घेऊन तो पुढें न पाठवितां गिळून टाकणें. सर्व न गिळतां निवडक तेवढे गिळणें, म्हणजे संशय येत नाहीं. माझ्याकडूनच जवळचा रस्ता आहे असें भासवून सर्वांची वाहतूक आपल्याकडे ओढणें, असे अनेक प्रकार त्यांत आहेत. आणखी एक प्रकार असा कीं एकच ठाणें अनेक नांवें धारण करतें व अनेक ठाणीं असल्याचें सोंग आणतें. त्याला 'सिबिल' हल्ला म्हणतात व २००२ सालीं जॉन डूसर यांनीं त्याचें विवेचन केलें. आमच्या पिढीच्या वाचकांस हा प्रकार नवा वाटावयाचा नाहीं. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आल्यावर एकाच वाड्यांतून किती नांवें बाहेर पडलीं, हें ज्यांनीं फेरफाराच्या नोंदी चाळल्या आहेत त्यांस ठाऊक आहे.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत सोपा व म्हणून सर्वांत संभवनीय दगा यांपैकीं कोणताच नाहीं. सेन्सर मुळाशेजारून उपटावा आणि कोरड्या मातीच्या डब्यांत खोंचून ठेवावा, कीं झालें. याला गणकयंत्राची विद्या लागत नाहीं. विक्रेता सांगतो, "आमचे संदेश सांकेतिक लिपींत असतात, कोणी फोडूं शकत नाहीं." तें खरें धरलें तरी उपयोग काय? येथें लखोट्यावरील मोहोर खरी असते, आंतील मजकूर तेवढा खोटा असतो. मोहोरेनें मधला चोर अडतो. लिहिणाराच लबाड असेल तर मोहोर त्याच्याच बाजूची साक्ष देते.

हें केवळ कल्पनेंतील भय नव्हे. अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानाच्या आग्नेय भागांत व लगतच्या कॅन्सस संस्थानांत २०१६ व २०१७ या सालीं सरकारी पर्जन्यमापकांशीं खोडसाळपणा झाला. तेथें पाऊस ठरावीक प्रमाणाहून कमी पडल्यास भरपाई देणारी पीकविम्याची योजना आहे, आणि ती पर्जन्यमापकांनीं आपोआप कळविलेल्या आंकड्यांवर चालते. मापकांच्या तारा कापल्या गेल्या, त्यांवर भांडीं पालथीं घातलीं गेलीं. पाऊस पडला, पण मापकानें पडला नाहीं असें कळविलें. या प्रकरणांत दोघां पशुपालकांनीं गुन्हा कबूल करून एकूण सुमारें ६६ लक्ष डॉलर भरण्याचें मान्य केलें. आपल्याकडेहि हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरूनच ठरते. सबब केंद्राची जागा, कुंपण व देखरेख ही बागाइतदाराच्या पैशाचीच बाब आहे, हें विसरून चालणार नाहीं.

दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताचें. तेथील मारूची नांवाच्या स्थानिक संस्थेच्या हद्दींत सांडपाणी उपसणारीं १४२ ठाणीं बिनतारी संदेशांवर चालत. २००० सालच्या आरंभीं पंप अवेळीं बंद पडूं लागले, धोक्याच्या सूचना यावयाच्या त्या येईनात. प्रथम सर्वांनीं यंत्रणा नवी आहे, बसवितांना कांहीं चुकलें असेल, असाच समज करून घेतला. पुढें एका तज्ज्ञानें संदेशांची नोंद ठेवून पाहिली, तों १४ क्रमांकाच्या ठाण्याच्या नांवानें भलते हुकूम सुटत असल्याचें दिसलें. येथें त्यानें केलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कचेरींत बसून त्यानें त्या ठाण्यास दोषी ठरविलें नाहीं. तो प्रत्यक्ष ठाण्यावर गेला, तें उघडून पाहिलें, आणि तें निर्दोष असल्याची खातरी करून घेतली. मग त्यानें त्या ठाण्याचा क्रमांक बदलून ३ केला. खरें ठाणें आतां ३ या नांवानें बोलूं लागलें. त्यानंतर १४ च्या नांवानें जो संदेश येईल तो उघडउघड तोतयाचा! तोतयानें पुढें दुसऱ्या ठाण्यांचे क्रमांक वापरले, परंतु अखेर २३ एप्रिल २००० रोजीं तो आपल्या मोटारींतील गणकयंत्रासह व बिनतारी यंत्रासह पोलिसांच्या हातीं लागला. तोंपर्यंत सुमारें ८ लक्ष लिटर मैलापाणी ओढ्यांत व उद्यानांत गेलें होतें. हा इसम ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीचाच पूर्वीचा नोकर होता, व नोकरी सोडल्यावर स्थानिक संस्थेनें त्यास कामावर घेण्याचें नाकारलें होतें. २००१ सालीं त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली.

आतां आपल्या चारीकडे वळूं. लबाड ठाणें ओळखण्याची पहिली रीत म्हणजे शेजाऱ्यांशीं ताडून पाहणें. समजा, एका गटांत सारखी जमीन व एकच पीक असलेलीं पांच ठाणीं आहेत, आणि सरासरी ओल २८ टक्क्यांखालीं गेली कीं त्या गटाचा व्हॉल्व्ह उघडावयाचा असें ठरलें आहे. चार ठाणीं ३१, ३३, ३२ व ३० असे आंकडे कळवितात. पांचवें कळवितें ९. बेरीज १३५, सरासरी २७, व्हॉल्व्ह उघडला! चौघांच्या ओल्या रानांत पाणी साचलें आणि खालच्या गटाची पाळी हुकली, तीहि एका आंकड्यापायीं. आतां सरासरी न काढतां आंकडे चढत्या क्रमानें मांडा: ९, ३०, ३१, ३२, ३३. यांतील मधला आंकडा ३१. त्यावर निर्णय ठेवला असता तर व्हॉल्व्ह मिटलेलाच राहिला असता, आणि पांचव्यानें ९ च्या जागीं २ कळविले असते तरीहि फरक पडला नसता. एवढी साधी सुधारणा विक्रेत्याकडून मागून घेण्यास कांहींच हरकत नसावी. तींत एक पैचेंहि जादा सामान लागत नाहीं.

मात्र ही रीत आंधळेपणानें चालविली तर तीच अन्याय करते. दुसऱ्या दिवशीं चार ठाणीं २२, २३, २१ व २४ सांगतात आणि एक सांगतें ४५. यंत्राच्या हिशेबानें पांचवें ठाणें लबाड. प्रत्यक्षांत त्या खातेदारानें आदल्या रात्रीं स्वतःच्या विहिरीचें पाणी दिलेलें असतें. बहुमताच्या विरुद्ध बोलणारा तोच एकटा, आणि खरें बोलणाराहि आपल्या परीनें तोच. शिवाय चारीच्या तोंडाशीं काळी, मध्यें मुरमाड व शेवटास चोपण अशी जमीन असतां या सर्वांचे आंकडे एका मापानें ताडणें हें शेतीच्या दृष्टीनें अज्ञानच होय. ताडावयाचे तर सारख्या मातीचे, सारख्या पिकाचे व सारख्या पाळीचे ताडावे.

याहून चांगली पारख मातीच देते, आणि ही रीत आम्हांस सर्वांत अधिक पसंत आहे. काळ्या जमिनीची ओल सायंकाळीं ३० असतां सकाळीं ९ होत नाहीं. कितीहि ऊन तापलें तरी जमीन आपल्या गतीनेंच वाळते. पाणी सोडलें तर आंकडा चढलाच पाहिजे, आणि पाळी मिटल्यावर हळूहळू उतरलाच पाहिजे. तीन पाळ्या होऊनहि ज्या ठाण्याचा आंकडा कोरडाच राहतो, तें ठाणें बिघडलेलें तरी आहे, नाहीं तर मुळाशीं नाहीं. पाऊस पडून गेला आणि शिवारांत एकच ठाणें कोरडें राहिलें तरी तेंच अनुमान. उलट, ज्याचा आंकडा आठवडाभर रेसभरहि हालत नाहीं त्याचाहि संशय घ्यावा. जिवंत जमिनीचा आंकडा दिवसाच्या व रात्रीच्या ऊनथंडीनें थोडा तरी हालतोच. डब्यांतील मातीला या सर्वांचें सोंग आणतां येत नाहीं. शेजारी संगनमत करतील, पण पावसाला सामील करून घेणें कोणास जमणार?

संदेश गिळणाऱ्या ठाण्यांसाठीं निराळी युक्ति आहे. २००० सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सर्जिओ मार्टी व त्यांचे सहकारी यांनीं ती फिरत्या बिनतारी यंत्रांसाठीं सुचविली, आणि पुढें सेन्सरांच्या जाळ्यांतहि तिचा अवलंब झाला. आपण शेजाऱ्याच्या हातीं संदेश दिला कीं लगेच गप्प न बसतां कान देऊन राहावयाचें. शेजाऱ्यानें तोच संदेश पुढें बोलून दाखविला कीं नाहीं हें ऐकावयाचें. न बोलण्याचे प्रसंग ठरावीक संख्येपलीकडे गेले कीं त्याची तक्रार करावयाची. या पहारेकऱ्याच्या मर्यादा त्या विद्वानांनींच सांगून ठेवल्या आहेत. दोन संदेश एकाच वेळीं आदळले तर पहारेकऱ्यास ऐकूं येत नाहीं; दोन लबाड शेजारीं शेजारीं असले तर एक दुसऱ्यास झांकतो; आणि पहारेकरीच खोटी तक्रार करूं शकतो. त्यांत आणखी असें कीं कान देऊन राहण्यास बॅटरी जळते. लोरा जातीच्या जाळ्यांत मधला वाहकच नसल्यानें ही सारी खटपट अनावश्यक आहे. तेथेंहि ती विकणारा भेटला तर त्याला नमस्कार करावा.

पुढें याच पायावर ठाण्यांची पत ठेवण्याची पद्धति निघाली. बरें वागणाऱ्याची पत वाढते, वाईट वागणाऱ्याची घटते, आणि पत पुरेशी घसरली कीं त्याचे आंकडे हिशेबांत धरीत नाहींत. सावकारी व सोसायटी दोन्ही पाहिलेल्या माणसास यांतील उणीव सांगावयास नको. महिनाभर चोख वागून पत कमवावी आणि ऐन तुटीच्या चार दिवसांत ती वटवावी, हा खेळ यंत्रालाहि खेळतां येतो. म्हणून जुन्या सद्वर्तनाचें वजन दिवसेंदिवस कमी करीत जाणाऱ्या पद्धति योजतात. दुसरी उणीव चहाडीची. शेजाऱ्यांनीं कळविलेल्या निंदेवरून पत उतरवावयाची म्हटली तर भाऊबंदकीच्या गांवांत एकहि ठाणें आठवड्यापलीकडे पतदार राहणार नाहीं. गणेरीवाल व श्रीवास्तव यांनीं २००४ सालीं मांडलेल्या पद्धतींत, शेजाऱ्याविषयीं चांगलें तेवढें दुसऱ्यास कळवावें, वाईट मात्र ज्यानें त्यानें स्वतः अनुभवूनच ठरवावें, असा नियम ठेवला, तो याच कारणास्तव. निनावी अर्जांच्या चौकशींत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांस या नियमाचें शहाणपण पटेल.

बहुमतावर किती भिस्त ठेवावी यालाहि गणिती मर्यादा आहे. लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीझ या तिघांनीं १९८२ सालीं वेढा घालणाऱ्या सेनापतींचें उदाहरण घेऊन असें सिद्ध केलें कीं, तोंडी निरोपांवर एकमत करावयाचें आणि त्यांत एक फितूर असेल, तर किमान चार जण असावे लागतात. दोन फितूर असतील तर सात. निरोपांवर बनावट करतां न येणाऱ्या सह्या असल्या तर ही अट सैल होते. तीन ठाण्यांचा गट करून त्यांत "दोघे म्हणतील तें खरें" असें ठरविणारी कंपनी स्वस्त पडते खरी. परंतु त्या तिघांत दोघे सख्खे भाऊ असतात!

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. वरील सर्व रीतींनीं इतकेंच कळतें कीं अमुक ठाण्याचा आंकडा विसंगत आहे. तें बिघडलेलें आहे कीं दगाबाज, हें त्यांपैकीं एकीनेंहि निश्चित कळत नाहीं. उंदरानें तार कुरतडली, खुरप्याचा घाव बसला, बॅटरी उतरली, सेन्सराभोंवतीं माती फाटून पोकळी झाली, तरीहि आंकडा असाच चुकतो. दोहोंत भेद करण्याची एक खूण आहे, ती अशी कीं बिघाडाला मतलब नसतो. बिघडलेलीं यंत्रें पुष्कळ असलीं तर कांहीं ओल जास्त दाखवितील, कांहीं कमी. दगा मात्र नेहमीं मालकाच्या फायद्याकडेच झुकतो. महसुलांत आम्हीं हें आणेवारीच्या वेळीं पाहत आलों. पन्नास पैशांच्या आंत आणेवारी लागली तर सवलती मिळत. मग नजरअंदाजाच्या चुका साऱ्या खालच्याच बाजूस पडत. वरच्या बाजूस चुकलेला पाटील आमच्या पाहण्यांत आला नाहीं. तेव्हां एखाद्या ठाण्याची विसंगति फक्त पाणी तुटीच्या दिवसांतच दिसते काय, आणि ती दर वेळीं कोरडेपणाकडेच असते काय, हें वहीवरून पाहावें. हें गणकयंत्र आपण होऊन पाहत नाहीं. त्यास पाण्याची किंमत ठाऊक नसते.

आणि एवढें पाहूनहि शेवटीं रानांत गेलेंच पाहिजे. कांहीं कंपन्या अशी सोय मोठ्या अभिमानानें सांगतात कीं संशयित ठाणें त्यांचें यंत्रच जाळ्यांतून काढून टाकतें, माणसाची गरजच नाहीं. आमचें स्पष्ट मत आहे कीं सामायिक पाण्याच्या कामीं ही सोय घेऊं नये. हिशेबांतून आंकडा तात्पुरता वगळणें निराळें आणि खातेदाराचें पाणी तोडणें निराळें. पहिलें यंत्रानें खुशाल करावें. दुसरें करण्यापूर्वीं दोन पंचांनीं, त्यांतला एक चारीच्या दुसऱ्या टोकाचा, मालकास बोलावून ठाणें उघडावें, शेजारीं दुसरें खात्रीचें यंत्र पुरून आंकडे ताडावे, मुठींत माती घेऊन पाहावी आणि पंचनामा लिहावा. तोंपर्यंत त्या खातेदारास गटाच्या मधल्या आंकड्याप्रमाणें पाणी मिळावें. यावर कोणी म्हणेल, एवढें करावयाचें तर यंत्रें कशाला? पंचवीस शेतांत रोज हिंडण्याऐवजीं महिन्यांतून दोन शेतांत जावें लागेल, एवढ्यासाठीं. ई-पीक पाहणी २०२१ सालीं राज्यभर सुरू झाली, तेव्हां पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावी असें ठरलें; तरीहि त्यांतील दहा टक्के नोंदी तलाठ्यानें जागेवर तपासण्याचा नियम ठेवावाच लागला. त्याच धर्तीवर संशय असो वा नसो, दर पाळीस चिठ्ठ्या टाकून दोनतीन ठाणीं पाहावीं. कोणतें ठाणें पाहिलें जाईल हें आधीं कोणास कळूं नये, पंप चालविणाऱ्यासहि नाहीं.

करारांत दोन गोष्टी आग्रहानें घालाव्या. प्रत्येक ठाण्याची सांकेतिक किल्ली निराळी असावी. सर्वांस एकच किल्ली असली तर कोणीहि एक यंत्र उपटून नेऊन ती काढून घेतली कीं सबंध चारीच्या नांवानें बोलूं शकेल. तसेंच पावतीपुस्तकांतील पावत्यांप्रमाणें प्रत्येक संदेशास चढता क्रमांक असावा व जुना क्रमांक पुन्हां आल्यास तो नाकारला जावा. नाहीं तर उन्हाळ्यांतील कोरडा संदेश साठवून पावसाळ्यांत पुन्हां वाजवितां येईल. मारूचीचा प्रकार ध्यानांत ठेवून, यंत्रणा बसविणाऱ्यांचें काम संपेल त्याच दिवशीं त्यांच्या माहितींतले सारे परवलीचे शब्द दोन सभासदांसमक्ष बदलावे आणि नवे लखोट्यांत मोहोरबंद करून संस्थेच्या कपाटांत ठेवावे. ठाण्यांची एक नोंदवही असावी. तींत ठाण्याचा क्रमांक, गट क्रमांक, मातीची जात, पुरल्याची खोली व तारीख असे रकाने पाडावे. उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक ठाण्याच्या मुळाशीं मोजून एक घागर पाणी ओतावें, आंकडा चढतो कीं नाहीं तें तेथेंच उभें राहून पाहावें आणि चढलेला आंकडा वहींत लिहून त्याखालीं मालकाची सही घ्यावी.